इंग्रजानं न बांधलेली खोली

वाचनालयाची दोन मानसं दिवाळी अंकाचं काम घेऊन आली तेव्हा मला वाटलं वर्गनी मागतायत, म्हनून मी आतूनच नाय बोलले. मंग ते बोलले, आजी, वर्गनी नको, तुमी जन्मभर जे काम केलं ते लिहून द्या. मी तिसरी शिकलेली. सही करते, बसचा नंबर वाचते, त्याच्या पुढं माजं गाडं जात नाय. पन सून बोलली, तुमी बोला, मी लिहिते. तिला सांगून ठेवलंय, मी बोलते तसंच लिही, सुधरवू नको. नायतर लोक बोलतील, एवढी शिकलेली बाई होती तर दगड कशाला उचलत बसली.

काम काय, तर बिगारी. गवंडी भिंत रचतो, त्याच्या हातात दगड नि माल देनारी ती बिगारीन. माल म्हनजे कालवलेला चुना. माजा घरवालाच गवंडी होता, म्हनजे घरात त्याला कालवन वाढायचं आनि कामावर चुना. दोन्ही वेळेला तो एकच बोलायचा, पातळ झालाय.

आमी दोघांनी एकाच बंगल्यावर आयुष्य काढलं. बंगला इंग्रजाचा, काळ्या दगडाचा, उरनच्या बाजूला टेकाडावर. व्हरांड्यात उभं राहिलं की मोऱ्याची लाँच मुंबईला जाताना दिसते. ह्याच्यापेक्षा जास्त पत्ता सांगनार नाय. का नाय, ते पुढं कळेल.

मिठागरांवर नजर ठेवायला आलेल्या कोना साहेबानं तो बांधून घेतला असं जुने लोक सांगायचे. भिंती दीड हात जाड. कोपऱ्याकोपऱ्याला घडीव दगड, असे बसवलेले की मधे सुरी जात नाय. खिडक्या वरून टोकदार, कौलं इतकी उतरती की मांजर पन विचार करून पाय टाकायची. आनि दिवानखान्यात शेकोटी. खरीखुरी, दगडी, वर धुराडं. आमच्याकडं पौषात पन गोधडी पायाशी पडून राहते, आनि ह्यानं शेकोटी बांधली. घरवाला बोलायचा, हा नकाशा इथं काढलेला नाय, बोटीतून आलाय. साहेबाला गावाकडची आठवन येत असेल, म्हनून त्यानं घामाच्या गावात थंडीचं घर बांधलं.

इंग्रज गेला, बंगला सरकारच्या एका खात्याकडं आला. खात्याचं नाव पन नको. दर तीन वर्षांनी साहेब बदलायचा आनि दर साहेबाच्या बायकोला बंगल्यात काहीतरी खुपायचं. ते काढायला आमी. काढलेलं पुढच्या साहेबाला परत हवं असायचं. ते बसवायला पन आमीच.

एका साहेबानं शेकोटीत देव बसवले. पावसाळ्यात धुराड्यातून पानी थेट देवांच्या डोक्यावर. आमी सांगितलं वर पत्रा घालू, तर तो बोलला राहू दे, आपोआप अभिषेक होतोय. पुढच्यानं देव काढून तिथं फ्रीज घुसवला. त्याच्या पुढच्यानं चपलांचं कपाट केलं. मंग एक आला तो बोलला धुराडंच बंद करा, वरून घान येते. घरवाला बोलला, साहेब, आत मधमाश्या हायेत, आधी त्यांचं बघू. साहेब बोलला, तुला सांगितलंय तेवढं कर. आमी सांगितलं तेवढं केलं, वर फरशी ठोकली. माश्यांना वरचं दार बंद मिळालं, त्या खालच्या दारानं आल्या. साहेब आठ दिवस तोंड सुजवून दुसरीकडं राहिला. आमाला कोन काय बोललं नाय, कारन हुकूम त्याचाच होता.

एक साहेब वास्तुवाला घेऊन आला. त्यानं कंपास फिरवला आनि बोलला, दार पश्चिमेला हाय म्हनून बढती अडलीय. मंग समोरचं दार दगड लावून बुजवलं आनि मागच्या बाजूनं नवं फोडलं. दीड हात काळा दगड फोडायला तीन आठवडे लागले, घरवाल्याचं बोट त्यात गेलं, डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. दार झालं झकास, फक्त ते स्वयंपाकघरात उघडायचं. मोठमोठे पाहुने यायचे ते आधी भाजीच्या टोपल्या ओलांडायचे. साहेबाची बढती झाली ती आसामात. पुढच्या साहेबानं विचारलं, हे दार कोनी फोडलं, आनि परत बुजवायला लावलं.

पन सगळ्यात जास्त हाल भिंतींचे झाले. बाहेरच्या मानसाला कळावं म्हनून सांगते. दोन दगडांच्या मधली फट भरतात, तिला दर्जा भरनं बोलतात. जुन्या भिंतीच्या दर्जा चुन्याच्या. आमच्याकडं चुना शिंपल्यांचा, खाडीतून शिंपले आनायचे, भट्टीत भाजायचे, विझवायचे, मंग रेती घालून चक्कीखाली घोटायचे. घोटायला मी. त्यात थोडा गूळ, भिजवलेल्या हिरड्याचं पानी. हाताची सालं जायची, रात्री खोबरेल लावून झोपायचं नि सकाळी परत. पन चुन्याची भिंत पावसात पानी पिते आनि उन्हात सोडून देते. सिमेंट लावलं की तिचं तोंड बंद होतं. आत गेलेलं पानी मंग घरातल्या बाजूनं बाहेर पडतं.

हे आमाला माहीत होतं. साहेबाला माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला चुना भिकारडा दिसत होता. सगळ्या दर्जा उकरून सिमेंट भरलं, आतून पिस्ता रंगाचा ऑइलपेंट मारला. पहिल्याच पावसात पिस्ता फुगला. पलंगामागच्या भिंतीवर मीठ फुलायला लागलं. बाई बोलली, मिठाच्या साहेबाचं भूत हाय. घरवाल्याला बोलावून विचारलं, भूत हाय का. तो बोलला, हाय बाई, पोतं पन्नास किलोचं येतं त्याचं.

एकच काम आमी कितीदा केलं नि कितीदा उखडलं त्याची गनतीच नाय. लाज वाटत नाय, पोट त्यावरच भरलं. साहेब शहाने असते तर आमी उपाशी मेलो असतो.

आता खोलीचं सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसले.

आमी आवारात पत्र्याच्या झोपडीत राहायचो. माजा रमेश तेव्हा पोटात. मी पाचव्या महिन्यात डोक्यावर चुंबळ नि घमेलं घेऊन शिडी चढायची. तेव्हाचा साहेब मिशीवाला, मानूस बरा. त्यानं एक दिवस घरवाल्याला बोलावलं आनि बोलला, पोर पत्र्याखाली नको, मागच्या कोपऱ्यात एक खोली बांध. पन नवीन बांधकामाला दिल्लीची परवानगी लागते, ती तुज्या नातवाच्या लग्नापर्यंत येईल. म्हनून खोली अशी बांध की जुनीच वाटली पाहिजे.

घोड्यांचा तबेला पडलेला होता. त्याचेच दगड घेतले. तीन महिने लागले. दिवसा साहेबाची कामं, सकाळी लवकर नि संध्याकाळी आमची खोली. दगडाचा तोंडाकडचा भाग बघून बघून तो बसवायचा, जसा इंग्रजाच्या गवंड्यानं बसवला तसाच, एक आडवा एक उभा. लांब दगड एकच शिल्लक होता, तो दारावर घातला. खिडकीला आखूड तुकडा उरला, म्हनून खिडकी टीचभर झाली. ती पन मी सांगितली तिथं ठेवली, कारन तिथून नळ दिसायचा. पानी आलं की मी हंडा घेऊन धावायची.

पहिला दगड बसवताना आनि उंबरा ठेवताना आमच्यात खाली सुपारी, हळकुंड नि एक पैसा ठेवतात. खात्याच्या कुठल्याच दुरुस्तीला आमी तसं केलं नव्हतं, ते घर आमचं थोडंच. इथं केलं. उंबऱ्याखाली त्यानं कंगोऱ्यांचे दहा पैसे ठेवले. तेव्हा तेवढेच खिशात होते.

भिंत झाल्यावर शेन, ताक आनि चुलीची राख कालवून मी बाहेरून सगळी सारवली. पहिल्या पावसात शेवाळ धरलं, दुसऱ्या पावसात फटीतून नेचे आले. तपासनीवाला आला, त्यानं खोलीभोवती फेरी मारली नि कागदावर लिहिलं, आधीचीच. मिशीवाल्या साहेबानं आमच्याकडं बघितलं पन नाय.

त्या खोलीत माजी दोन पोरं झाली. एक राहिला. घरवाला पन तिथंच गेला, छातीत दगडाची धूळ बसली होती, डाक्टर बोलला आता काय करायचं नाय. मी झाडलोटीवर लागले, मंग राखनदार म्हनून राहिले. रमेश कंटेनरचा ड्रायव्हर झाला, उलव्याला बिल्डिंगमधे घर घेतलं, चल बोलायचा. मी बोलायची, तुजं घर तुजं. मला माजं दार लागतं.

मंग काही वर्षांपूर्वी खात्यानं ठरवलं की बंगला जुना हाय. म्हनजे जुना तो आधीपासूनच होता, पन आता तसं कागदावर आलं. मुंबईहून आर्किटेक्ट मॅडम आली. पस्तिशीची, पायात बूट, डोक्याला ओढनी गुंडाळलेली. हिचं म्हननं, बंगला इंग्रजानं बांधला तसा करायचा. मागाहून झालेलं सगळं काढायचं. मूळ हाय त्याला हिरवी निशानी, मागाहूनचं त्याला लाल फुली.

मी तिला हसनार नाय. पोरगी हुशार. आल्या दिवशी तिनं नखानं सिमेंट खरवडलं नि बोलली, ही भिंत घुसमटलीये. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोनीतरी घरवाल्यासारखं बोललं. पिस्ता, धुराड्यावरची फरशी, सगळ्यावर लाल फुल्या पडल्या. आमचं निम्मं आयुष्य लाल झालं. मी चहा करून दिला.

मंग ती माज्या खोलीशी आली. फेरी मारली, चुन्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला, जुने कागद काढले. पंधरा दिवसांनी खोलीला मोठी हिरवी निशानी. नुसती मूळ नाय, आवारातलं सगळ्यात जुनं बांधकाम. बंगल्याच्या पन आधीचं. तिच्या कागदात लिहिलेलं, ही इंग्रजाची दारूगोळ्याची कोठी. टीचभर खिडकी बंदूक रोखायला. दाराशेजारच्या दगडात खळगा हाय, तो दारू ठासायला.

त्या खळग्यात मी लसनाची चटनी कुटायची. चाळीस वर्षं कुटून तो पडला.

मला आनंद झाला. खोली वाचली म्हनून मी सगळ्यांना शिरा दिला. चार दिवसांनी कागद आला की खोली रिकामी करा. मूळ बांधकामात राहता येत नाय, ते लोकांना दाखवायचं असतं. खात्याचा मुकादम नथू, आमच्याच गावचा, त्यानं मला सगळं समजावलं. नियम असा होता की लाल फुलीचं बांधकाम पाडलं तर तिथं राहनाऱ्या खात्याच्या मानसाला आवारातच नवी खोली द्यायची, संडास-बाथरूमसकट. हिरव्यातल्याला काय नाय. हिरव्यात कोन राहत असेल हे नियम लिहिनाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नथू बोलला, "काकी, खरं सांगून टाक. खोली काकानं बांधली. फुली लाल होते नि तुजं दार तुला राहतं."

रमेश पन तेच बोलला. मी दोन दिवस हिशेब घातला. खरं सांगितलं तर मला खोली मिळते नि ही जाते. नाय सांगितलं तर ही राहते नि मी जाते. तिसऱ्या दिवशी मॅडम एकटीच दारात टेप लावून मोजत होती. मी ठरवलं, सांगायचं. एक तर माजं दार. आनि दुसरं, तो कोन इंग्रज, ज्याच्या नावावर आमच्या तीन महिन्यांचं काम चाललं होतं.

मी बोलले, "मॅडम, ही खोली माज्या घरवाल्यानं बांधली."

ती हसली, चांगल्या मनानं हसली. "दुरुस्ती केली असेल त्यांनी, आजी. हे काम खूप जुनं आहे. असा चुना आता कोणाला येत नाही."

"मला येतो," मी बोलले. "आनि दुरुस्तीत उंबऱ्याखाली पैसे ठेवत नाय कोन."

"कसले पैसे?"

"दहा पैसे. कंगोऱ्यांचे. वर तीन सिंह हायेत. उंबरा उचला, तिथंच असतील."

ती त्याच उंबऱ्यावर खाली बसली. टेप सटकन गुंडाळला गेला. मंग मी तिला तबेल्याचे दगड, शेन-ताक, तपासनीवाला, सगळं सांगितलं. नळासाठी ठेवलेली खिडकी ऐकून तिनं डोळे मिटले. चटनीचं ऐकून हसायला लागली, ते हसू थांबेचना, मंग डोळे पुसले. बोलली, "आजी, तीन जणांनी माझा रिपोर्ट तपासलाय. तिघांनी वाहवा केली." टेप उचलून बोलली, "चूक माझी आहे. मी लाल फुली करते, तुम्हाला खोली मिळेल. माझं मी बघते."

वरच्या साहेबासमोर तिचं तोंड काय होनार हे तिला माहीत होतं, मला पन. तरी बोलली. म्हनून ती मला अजून आवडते.

मी विचारलं, "आनि ही?"

"ही पाडावी लागेल."

"किती वेळ लागेल?"

"मशिन आहे. दुपारपर्यंत होईल."

मी भिंतीकडं बघितलं. कोपऱ्याचा तिसरा दगड, त्याच्यासाठी तो आख्खा रविवार बसला होता. बसत नव्हता. मी बोलले, होतं थोडं मागं-पुढं, कोन बघतंय. तो परत उतरवून छिन्नी मारत बसला. सहा महिन्यांचं पोट घेऊन मी त्याला शिव्या घातल्या होत्या.

मी बोलले, "उंबरा नका उचलू."

ती बोलली, "तुम्ही कुठे जाल?"

"मुलाकडं."

"आणि मी खोटं लिहून ठेवू?"

"दारूगोळ्याचं तेवढं काढा," मी बोलले. "बाकी काय खोटं लिहिलंय? चांगल्या गवंड्यानं चांगलं काम केलं, एवढंच हाय त्यात. मानूस तेवढा चुकलाय."

दारूगोळा तिनं काढला. बंदूक पन काढली. मी सामान आवरलं. एक पेटी, एक गादी, चार भांडी. चाळीस वर्षांचं सामान रमेशच्या एका फेरीत आलं.

नथू अजून माज्याशी नीट बोलत नाय. रमेश बोलतो, आई, तू दगडासाठी खोली सोडलीस. मी बरोबर केलं असं मी म्हननार नाय. इथं नवव्या मजल्यावर भिंती एवढ्या बारीक हायेत की शेजारचा शिंकला की मी जियो बोलते. खिडकीत बसलं की खाली दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी. सून चांगली हाय, हे तिनं लिहिलं नाय, मी लिहायला लावलं. पन दुपारी सगळे कामावर गेले की मी दार उघडून उगाच बाहेर उभी राहते, नि सोसायटीचा वॉचमन वर येऊन विचारतो, आजी, काय हवंय का. मला काय हवंय ते त्याला कसं सांगू.

हे छापायच्या आधी मी मॅडमला फोन लावायला लावला. ती बोलली, छापा आजी, बंगल्याचं नाव घालू नका. म्हनून घातलं नाय. आनि त्या खात्यातले साहेब लोक मराठी अंक वाचत असते, तर बंगल्याची एवढी दैना झाली नसती.

गेल्या माघात बंगला लोकांसाठी उघडला. रमेशला सुट्टी होती, त्यानं नेलं. तिकीट काढून आत गेलो. शेकोटी घासूनपुसून मोकळी केलेली, तिच्यात खोटी लाकडं नि लाल बल्ब. बाया त्याच्यासमोर पदरानं वारा घेत फोटो काढत होत्या. मागच्या कोपऱ्यात खोली होती. भोवती दोरी, पाटी रमेशनं वाचून दाखवली, मूळ बांधकाम. मी दोरीच्या वरून वाकून कोपऱ्याच्या तिसऱ्या दगडाला हात लावला. घट्ट होता. फटीत चुना तसाच, कुठं भेग नाय.

सिक्युरिटीवाला धावत आला. पन्नाशीचा मानूस, पुढच्या गावचाच असेल, मला ओळखत नव्हता. बोलला, "आजी, हात नका लावू. लय जुनं हाय ते."

मी हात काढला. विचारलं, "कोनी बांधलं?"

"इंग्रजांनी."

रमेश मागून काहीतरी बोलायला लागला, मी त्याचा हात दाबला. घरवाला जिवंत होता तोवर मी त्याच्या तोंडावर एक चांगला शब्द बोलले नव्हते, आमच्यात बोलत नाय. आता चारचौघात बोलायला काय हरकत नव्हती.

"चांगलं बांधलंय," मी बोलले. "त्याच्या बायकोनं पन लय माल उचलला असेल."